मानवी तस्करीबद्दल शाळेत बोलायला कायद्याचा आधार आहे का?

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही भुदरगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवता. अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या भाचीनं सांगितलं की तिच्या शाळेत मानवी तस्करीवर तास झाला आणि तो राज्याच्या कायद्यामुळे घ्यावाच लागतो. आपल्या महाराष्ट्रात असा कायदा आहे का? आणि नसेल, तर मुख्याध्यापक 'असले विषय मुलांसमोर नकोत' म्हणत असताना तुम्ही कशाच्या आधारावर कार्यक्रम घ्यायचा?

मी कोल्हापुरात वकिली करते. महिला आणि बालकांच्या केसेस चालवते. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्यामुळे शाळांत, ग्रामपंचायतींत आणि ऊसतोड मजुरांच्या तळांवर कायदेविषयक शिबिरंही घेत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते: आधार आहे. पण तो एका कायद्यात नाही, चार-पाच कायद्यांत विखुरलेला आहे. आणि तुमची खरी अडचण कायदा नसण्याची नाहीच. जागृती करायचं काम नेमकं कोणाचं, हे आपल्याकडे ठरलेलं नाही. त्यामुळे ते होतं तेव्हाही फलकावरच्या घोषणेपुरतं होतं.

आधी तिकडचं बघू. कॅलिफोर्नियानं २०१७ साली कायदा करून सातवी ते बारावीच्या आरोग्यशिक्षणात मानवी तस्करीचा भाग सक्तीचा केला. पालकाला आपल्या मुलाला त्या तासातून वगळायची मुभा ठेवली, पण शाळेला तास टाळता येत नाही. फ्लोरिडात २०१९ मध्ये तिथल्या राज्य शिक्षण मंडळानं असाच नियम केला. त्याआधी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियानं आणखी एक कायदा केला होता. बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, ट्रकथांबे, कामगार पुरवणाऱ्या संस्था, रुग्णालयांचे तातडीचे विभाग अशा ठिकाणी मदतीच्या फोन नंबरसह सूचना लावायची, तीही इंग्रजी, स्पॅनिश आणि त्या भागात सर्वाधिक बोलल्या जाणाऱ्या आणखी एका भाषेत. ती नाही लावली तर दंड पहिल्यांदा पाचशे डॉलर, पुढे हजार. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की सूचना लावायची जबाबदारी त्या जागेच्या मालकावर आहे. सरकारनं लावावी असं म्हणून तो मोकळा होत नाही.

आता आपल्याकडचं. मानवी तस्करीवरचा सर्वसमावेशक कायदा करायचा प्रयत्न झाला होता. ते विधेयक जुलै २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर रद्द झालं. २०२१ मध्ये नवा मसुदा आला, त्याचाही कायदा झाला नाही. गुन्हा म्हणून तस्करी आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे, देहव्यापाराविरुद्ध १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा (पिटा) आहे, वेठबिगारीविरुद्ध १९७६ चा कायदा आहे. शिक्षा कडक आहेत: एका बालकाची तस्करी केली तर किमान दहा वर्षं, एकाहून जास्त बालकांची केली तर किमान चौदा. पण हे सगळं गुन्हा घडल्यानंतरचं.

घडण्याआधीचं, म्हणजे तुमच्या कामाचं, पॉक्सो कायद्यात, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात आहे. त्याचं कलम ४३ केंद्र आणि राज्य दोन्ही सरकारांना सांगतं की या कायद्याला दूरचित्रवाणी, रेडिओ, वर्तमानपत्रांतून नियमित व्यापक प्रसिद्धी द्या. २०२० च्या पॉक्सो नियमांतला तिसरा नियम आणखी पुढे जातो. मुलांसाठी वयानुरूप शैक्षणिक साहित्य आणि अभ्यासक्रम तयार करावा, त्यात स्वतःची सुरक्षितता, लैंगिक गुन्ह्यांपासून बचाव आणि १०९८ सारख्या मदतक्रमांकावर तक्रार कशी करायची हे असावं, असं तो म्हणतो. ही माहिती पंचायतीच्या इमारती, शाळा, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, सिनेमागृहं अशा ठिकाणी पोचवता येईल, हेही त्यात लिहिलंय. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या फलकाची आपली आवृत्ती कागदावर आहेच. फरक एवढाच की आपल्या नियमात काम 'शासनाचं' आहे आणि ते केलं नाही म्हणून कोणालाही दंड नाही.

हा फरक किरकोळ नाही. आपल्याच मातीतलं उदाहरण देते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. जबाबदार कोण आणि चुकला तर काय, हे दोन्ही त्या कायद्यात होतं. जोगत्या-मुरळी सोडण्याची प्रथा बंद करणारा कायदाही त्यांनी १९२० मध्ये केला. मुलींना देवाच्या नावानं सोडून पुढे त्यांचं जे होत होतं, ते आजच्या व्याख्येत मानवी तस्करीतच बसतं. महाराष्ट्र राज्याचा स्वतःचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा यायला त्यानंतर २००५ साल उजाडावं लागलं. मुख्याध्यापकांना हे जरूर सांगा. हा विषय अमेरिकेतून आलेला नाही.

'शासन' म्हणजे कोणीच नाही अशी वेळ येते, म्हणून मी नाव आणि पद असलेला माणूस शोधते. तुमच्या गावात असे तिघं आहेत. पहिला ग्रामसेवक. तो बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि २००६ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे समाजात जागृती करणं हे त्याचं कर्तव्यच आहे. त्याची मर्जी असण्या-नसण्याचा प्रश्न नाही. दुसरी तुमच्याच शाळेतली सखी सावित्री समिती, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं ती प्रत्येक शाळेत असायला हवी. बहुतेक शाळांत ती फाइलमध्ये असते. तिची बैठक बोलवा आणि हा कार्यक्रम समितीच्या ठरावानं घ्या, म्हणजे तो तुमचा एकट्याचा हट्ट राहत नाही. तिसरं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. शिबिर घेणं हे त्याचं नेमून दिलेलं काम आहे आणि वकील मोफत येतो.

ग्रामसभेलाही कमी लेखू नका. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनी त्याचा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचं बळ नसतं, तरी गावात बोलायची वाट तो मोकळी करतो.

इथवरचं थोडक्यात: अमेरिकेसारखा सक्तीचा तास आपल्याकडे नाही, पण पॉक्सोचा नियम ३, ग्रामसेवकाचं कर्तव्य आणि सखी सावित्री समिती यांच्यावर तुमचा कार्यक्रम भक्कम उभा राहतो. आता काय सांगायचं ते. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक कार्यक्रम इथंच फसतात.

बहुतेक ठिकाणी सांगतात, 'अनोळखी माणसाशी बोलू नका, चॉकलेट घेऊ नका.' माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत अनोळखी माणूस क्वचितच होता. नात्यातला, गावातला, आधी कुणाला तरी खरंच नोकरी लावून दिलेला माणूस होता. एका शाळेत हे सांगताना नववीतल्या मुलीनं हात वर करून विचारलं, "मॅडम, आत्याच म्हणाली तर?" तिला कुठंही पाठवायचं चाललेलं नव्हतं, तिला फक्त हे खरंच कळून घ्यायचं होतं. तेव्हापासून मी माणसाचं वर्णन करणं सोडलं आणि प्रश्न शिकवायला सुरुवात केली. कामाची जागा नेमकी कुठं आहे, पत्ता लिहून दे. पगार कोणाच्या खात्यावर येणार? माझं आधार कार्ड कोणाकडे राहील? रोज घरी फोन करता येईल का? पटलं नाही तर मी कधी आणि कशी परत येणार? हे प्रश्न आत्यालाही विचारता येतात, त्यात आत्याचा अपमान नाही. चांगला माणूस उत्तरं देतो. 'तुला काय करायचंय, मी आहे ना' असं उत्तर आलं, तर तिथंच थांबायचं.

कोल्हापुरात हा गुन्हा ज्या रूपात दिसतो तेही मुलांना सांगायला हवं. मुंबईच्या देहव्यापाराच्या वस्त्यांच्या गोष्टी सांगितल्या की मुलं ऐकतात आणि 'हे आपल्याकडचं नाही' म्हणून घरी जातात.

उसाचं घ्या. उचल, म्हणजे मजुराला कामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, देणं हा गुन्हा नाही, घेणंही नाही. पण उचल फिटल्याशिवाय जागा सोडायची नाही, दुसरीकडे काम करायचं नाही, मजुरीचा हिशोब मुकादमाच्या, म्हणजे मजूर आणणाऱ्या मध्यस्थाच्या, वहीतच राहणार, आजारी पडलं तर खाडा धरून कर्ज वाढणार, असं झालं की ती वेठबिगारी होते. १९७६ चा कायदा त्या कर्जाची जबाबदारीच संपवतो. आणि हे वेठबिगारीचं कर्ज नाही असं सिद्ध करायचा भार तो धनकोवर टाकतो, मजुरावर टाकत नाही. एका तळावर मजुरानं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला कागद मला दाखवला. नोटरी केलेला, मथळा 'हातउसने रकमेचा लेख'. कारखाना, ऊस, तोडणी यांतला एकही शब्द त्यात नव्हता. खाली नवरा-बायकोचे अंगठे, आणि त्यांच्या खाली मुलाची सही. वळणदार, शाळेत गिरवून आलेली. मुलगा नववीत होता. अल्पवयीन मुलाच्या अशा सहीला कायद्यात काडीची किंमत नाही, हे त्या बापाला कुणी सांगितलेलं नव्हतं. सहीनं पोरगाही बांधला गेला असं तो धरून चालला होता आणि दिवाळीनंतर मुलाला शाळेत परत धाडलाच नव्हता.

पण सर, तुमच्या वर्गात ट्रॅक्टरमालकाचा मुलगाही बसतो. त्याच्या बापानं ऊसतोड मजुरांच्या टोळीसाठी मुकादमाला लाखो रुपये दिले, टोळी आलीच नाही, हे त्यानं घरात ऐकलेलं असतं. ती फसवणूक खरी आहे, त्यात घरं बुडालेली आहेत, आणि तिची तक्रार फसवणूक म्हणून पोलिसांत करता येते. मात्र पैसे वसूल होईपर्यंत मुकादमाच्या भावाला नाहीतर मजुरांना डांबून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यातून जबरदस्तीनं काम करून घेतलं की प्रकरण थेट तस्करीच्या कलमापर्यंत जाऊ शकतं. कोल्हापुरातली जागृती या दोन्ही घरांशी बोलली नाही तर ती अर्धवट राहते. मजुराला हक्क सांगायचे आणि मालकाला काहीच सांगायचं नाही, हे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा लग्नाचा. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. गर्भातच मुली मारल्याचा तो हिशोब होता. तेव्हाची ती मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत आणि त्यांना मुली मिळत नाहीत. मग मध्यस्थ येतो. दीड-दोन लाख घेतो, परजिल्ह्यातली किंवा परराज्यातली गरीब घरची मुलगी 'दाखवतो', देवळात हार घालून लग्न लावतो. कधी ती मुलगी फसवणाऱ्यांच्या टोळीतली असते आणि दागिने घेऊन निघून जाते, तेव्हा बातमी येते. पण कधी तिला यातलं काहीच माहीत नसतं, भाषा येत नाही, फोन काढून घेतलेला असतो. तिची बातमी येत नाही. मुलगी अल्पवयीन असेल आणि लग्नासाठी विकली गेली असेल, तर बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ते लग्न मुळातच रद्दबातल आहे. सज्ञान असेल आणि जबरदस्ती किंवा फूस असेल तर न्याय संहितेचं कलम ८७ लागतं. हे सांगायचं ठिकाण पालकसभा आहे. मुलांच्या तासाला ते नको, कारण मध्यस्थाला पैसे देणारे पालक पालकसभेतच बसलेले असतात.

परदेशी नोकरीचं थोडक्यात सांगते. बारावी आणि आयटीआयच्या मुलांना ते लागतं. थायलंडमध्ये डेटा एन्ट्री म्हणून नेऊन म्यानमारच्या सीमेवर ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यात कोंडल्याची प्रकरणं तुम्ही वाचली असतील. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. मुलांना दोनच गोष्टी पक्क्या करून द्या. एजंटाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासायचं, आणि टुरिस्ट व्हिसावर नोकरीला जायचं नाही.

किती आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हे मात्र तुमच्या वर्गावर अवलंबून आहे. तिथं मी इथून निर्णय देणार नाही. पाचवी-सहावीला मी देहव्यापार हा शब्दही काढत नाही. आई-वडिलांचा नंबर पाठ असणं, गाव-तालुका-जिल्हा सांगता येणं, विश्वासाची दोन मोठी माणसं ठरवणं, आणि १०९८ व ११२ हे नंबर, एवढं पुरतं. आठवीपासून नोकरी, लग्न, मोबाईलवरची ओळख यांवर मोकळं बोलते. मुलं-मुली एकत्र ठेवते, शेवटी मुलींना वेगळा वेळ देते. पालकसभा आधी घेतली की मुख्याध्यापकांची भीती बरीच उतरते. त्यांची भीती मी खोटी मानत नाही. उद्या एखादा पालक शाळेत येऊन भांडला तर त्यांनाच तोंड द्यायचं असतं.

एक काळजी माझ्या मनात नेहमी असते. तुमच्याकडे मुली वाड्या-वस्त्यांवरून एसटीच्या पासावर शाळेला येतात. घाबरवणारा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी वडील मुलीचा मोबाईल काढून घेतात, पुढच्या वर्षी शाळा सोडवतात आणि लग्नाचं बघायला लागतात. म्हणजे ज्यापासून वाचवायचं त्याच्याच दारात आपण तिला नेऊन सोडलं. म्हणून प्रत्येक पालकसभेत मी स्पष्ट सांगते की शाळेत येणारी मुलगी हीच सुरक्षित मुलगी, कारण ती दोन दिवस दिसली नाही तर विचारणारं कुणीतरी आहे. हजेरीपट हे तुमच्या हातातलं मोठं साधन आहे. विद्यार्थी सलग गैरहजर राहिला तर घरी जा. कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला निघालं असेल तर शिक्षण हमी पत्रक (नव्या गावच्या शाळेत शिक्षण सुरू ठेवण्यासाठीचा दाखला) द्या आणि पोचलेल्या गावच्या शाळेला फोन करा.

कार्यक्रमानंतर एखादं मूल येऊन काही सांगेल, त्याची तयारी आधी ठेवा. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे तुम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं. संस्थेची बदनामी होईल म्हणून थांबता येत नाही. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखानं हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. मुलाला चार जणांसमोर पुन्हापुन्हा बोलायला लावू नका. त्याचे शब्द आहेत तसे लिहून ठेवा, बालकल्याण समितीला कळवा. मूल बेपत्ता असेल तर 'पळून गेली असेल, येईल चार दिवसांत' हे पोलीस ठाण्यात ऐकून घेऊ नका. बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीत गुन्हा नोंदवायचा, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. आणि मुलीचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका, कुणी टाकला तर काढायला लावा. पीडित बालकाची ओळख उघड करणं पॉक्सो आणि बालन्याय कायदा दोन्हींत गुन्हा आहे.

सुटका झालेल्या व्यक्तीला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये मानवी तस्करीच्या पीडितांचा स्वतंत्र उल्लेख आहे, फोन १५१००. यंत्रणेनं दाद दिलीच नाही तर रिट याचिका दाखल करायला आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच आहे. प्रौढ बाईनं स्वतःच्या मर्जीनं केलेला देहविक्रीचा व्यवसाय आणि तस्करी यांत गल्लत मात्र करू नका. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये अशा स्त्रियांना त्रास देऊ नये असं पोलिसांना बजावलंय. शाळेच्या कार्यक्रमात त्यांच्याबद्दल हलकं बोललं गेलं तर मी वक्त्याला तिथंच थांबवते, कारण समोर बसलेल्यांत कुणाची आई असेल हे आपल्याला माहीत नसतं.

वेळेचं म्हणाल तर दिवाळीच्या सुट्टीआधी घ्या. कारखाने सुरू होतात, टोळ्या उतरतात, नंतर लग्नसराई लागते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे मुख्याध्यापकांच्या सहीनं करा. त्यात सखी सावित्री समितीच्या ठरावाची प्रत जोडा, इयत्ता आणि विद्यार्थिसंख्या लिहा, पालकसभा आणि विद्यार्थ्यांचा तास वेगवेगळा मागा, आणि महिला वकील पाठवावी असं नमूद करा. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक ग्रामसेवकाला द्या. दोन्हींवर तारखेसह पोच घ्या.